खत देऊ नये

ढोलेबाईंना कुणी "कोणतं खत टाकू?" असं विचारलं, की त्या उत्तरच देत नसत. समोरच्याकडे नुसत्या पाहत राहत. तो माणूस गडबडून पुन्हा विचारी, "म्हणजे युरिया टाकू का डीएपी?" मग त्या म्हणत, "आदी हे इचारा, टाकू का नको." एवढं बोलून पुन्हा आपल्या कामाला लागत.

"माती मांगून नाई राह्यली, तुमीच वाढून राह्यले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं यायचं. "पोट भरल्यावर ताटात वाढनं म्हनजे पावनचार नाई, सूड होय." ऐकणारे हसायचे. एवढ्याशा बाईच्या तोंडी सूड हा शब्द त्यांना गमतीचा वाटे. मला तो कधी गमतीचा वाटला नाही, कारण बाईंनी तो किती वर्षं पोटात सांभाळला होता ते मला माहीत होतं.

अकोल्याला एका संस्थेची माती तपासायची प्रयोगशाळा होती. तिथं मी बावीस वर्षं कारकून होतो आणि तपासणीचे अहवाल टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. ती संस्था आता बंद पडली आहे, आणि बरंच झालं. ढोलेबाई तिथं प्रयोगशाळा सहायक होत्या. हे लिहिताना मी कुणाची बाजू घेत नाही असा आव आणणार नाही. मी बाईंची बाजू घेतो. ती मी फार उशिरा घेतली, हे पुढं कळेलच.

बाई मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या. घरचा पानमळा होता, विड्याच्या पानांचा. आमच्याकडे पानमळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही. वेलीला विटाळ चालत नाही म्हणतात. मालक असो की मजूर, वहाणा बाहेर काढायच्या आणि मगच वेलीखाली शिरायचं. बाईंनी ही रीत अकोल्याच्या प्रयोगशाळेत आणली. मातीच्या पिशव्यांच्या खोलीत शिरताना त्या चप्पल दाराशी काढत. खाली गार फरशी, डिसेंबरातही अनवाणी. आमचे प्रमुख पिंजरकर साहेब त्यावर हसत. "ढोलेबाई, ही लॅब आहे, देऊळ नाही," असं म्हणत. बाई म्हणत, "देवयात मी चप्पल घालूनई जाईन एखांद्यावक्ती. अती मातीपाशी नाई."

उंचीनं लहान, अंगानं काटक, पदर कमरेला खोचलेला, लग्न केलेलं नाही. नखांत काळी माती कायमची. माती ओली करून तळहातावर वळायची, बोटांनी चपटी करायची, नाकाजवळ न्यायची, आणि मगच बाटल्या काढायच्या. नमुना आला की तो कागदावर पसरायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा एकत्र करून पुन्हा चार भाग. मूठभर उरेपर्यंत हे चाले. हे सगळीकडेच करतात म्हणे. पण बाकीचे लोक दोनदा करतात आणि चारदा केलं असं लिहितात. बाई चारदा करून चारदा लिहीत.

एकदा हिवरखेडचा एक माणूस बसनं आला. धट्टाकट्टा, पांढरे कपडे. त्यानं बाईंच्या टेबलावर पिशवी ठेवली. बाईंनी पिशवी उघडली नाही. फक्त बाहेरून वाचली आणि त्याच्याकडे ढकलली.

"हे काय होय?"

"माती होय ना बाई. बगिच्याची."

"थैली कशाची होय?"

"युरियाची होय. धुतली होती मी."

"रगत तपासाले जाता तवा साखरेच्या डब्यात घेऊन जाता का, भाऊ? या मातीत आता तुमचा बगीचा किती अन् थैली किती, हे मी कसं सांगू?"

त्यानं हातापाया पडून पाहिलं. बस, तिकीट, ऊन, सगळं सांगितलं. बाईंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि पिशवीसकट परत पाठवलं. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा माती उशीच्या अभ्र्यात होती, अभ्रा धुऊन इस्त्री केलेला. बाई त्या दिवशी फार खूश होत्या. असली चूक आमच्या भागातले शहाणे लोकच करतात. खताच्या रिकाम्या थैलीत आमच्याकडे धान्यापासून लग्नाच्या भांड्यांपर्यंत सगळं जातं. त्या थैलीतून आलेली माती स्वतःबद्दल खोटं बोलते, हे बाईंनी निम्म्या अकोला जिल्ह्याला शिकवलं.

खोटं हा शब्द आला, तर आता पिंजरकर साहेबांकडे येतो. साहेब माणूस वाईट नव्हते, असं मेल्यावर लिहायची पद्धत आहे. ते अजून जिवंत आहेत, त्यामुळे मला तसं लिहायची गरज नाही.

एका उन्हाळ्यात नमुन्यांचा ढीग लागला. मृगाच्या आत सगळ्यांना अहवाल देऊ, असं साहेब वर कबूल करून बसले होते. बाई त्यांच्या पद्धतीनं दिवसाला वीस-पंचवीस नमुने करायच्या, आणि पिशव्या तर कपाटावर मावत नव्हत्या. साहेबांनी बाईंना आठ दिवस हिवरखेडकडे नमुने गोळा करायला पाठवलं. बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर मागच्या वर्षीचे अहवाल उघडे होते. त्यातला एखादा आकडा इकडे, एखादा तिकडे करून ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. संगणक नवा आला होता. अहवालावर हाताची सही लागत नसे. खाली "तपासणारा" म्हणून नाव छापलं की झालं.

"इथं काय टाकू, साहेब?" मी विचारलं.

"काय म्हणजे? नेहमीसारखं. ढोलेबाई."

मी टाकलं. शंभरावर अहवाल होते. प्रत्येकाखाली कुसुम नारायण ढोले. माझी बोटं एकदाही अडखळली नाहीत, हे मला चांगलं आठवतं.

बाई परत आल्या आणि पिशव्यांच्या खोलीत गेल्या. पिशव्या जशाच्या तशा होत्या. तोंडाची गाठ त्यांचीच, पानाच्या वेलीला आधाराशी बांधतात तशी. ती गाठ आमच्यापैकी कुणाला बांधता येत नसे, त्यामुळे कुणी सोडून पुन्हा बांधली असेल हा प्रश्नच नव्हता. एकही पिशवी उघडलेली नव्हती आणि सगळे अहवाल गावोगाव पोचले होते. बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "तीच जमीन, तीच माती, वर्षात काय फरक पडतो? लोकांना कागद पाहिजे असतो." बाईंनी पुढचे सगळे रविवार येऊन त्या पिशव्या तपासल्या आणि खरे अहवाल हातानं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवले. ते तिथून हलले नाहीत.

दिवाळीनंतर वलगावचे गावंडे आले. संत्र्याची बाग होती त्यांची, हातानं वाढवलेली. आमच्या अहवालात लिहिलेलं खत त्यांनी इमानदारीनं टाकलं होतं. त्यांच्या मातीत चुना आणि क्षार आधीच इतके होते, की खत पडल्यावर पानं कडांनी करपत गेली. त्यांनी आणलेली फांदी बाईंच्या टेबलावर ठेवली. ओरडले नाहीत, काही नाही.

"बाई, तुमचं नाव वाचून इश्वास ठेवला होता," एवढंच म्हणाले.

बाईंचं त्या दिवशी जे गेलं ते हे. नोकरी नाही, पगार नाही. गेला तो गावंड्यांच्या त्या वाक्यातला विश्वास. ते वाक्य परत घ्यायला लावायचं, एवढं एकच काम त्यांनी उरलेल्या आयुष्याला लावून घेतलं.

चौकशी झाली. संस्थेची तीन माणसं बसली. साहेबांनी अहवाल दाखवले. खाली नाव बाईंचं. बाईंनी न उघडलेल्या पिशव्यांचं सांगितलं, पण पिशव्या तर त्यांनीच नंतर उघडल्या होत्या. मग मला बोलावलं. नाव कुणाच्या सांगण्यावरून टाकलं, असं विचारलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही. मला जे देतात ते मी टाइप करतो." बाई शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

बाईमाणूस म्हणून नोकरीवरून काढलं नाही. मातीला मात्र हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. त्यांना भांडारात टाकलं, रिकाम्या बाटल्या आणि लेबलं सांभाळायला. तिथं त्या अकरा वर्षं होत्या.

या अकरा वर्षांत त्यांनी साहेबांना एक शिवी दिली नाही. फक्त साहेब निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी साडेदहाला त्या केबिनच्या दारात उभ्या राहत आणि म्हणत, "नमस्कार साहेब." साहेबांनी वर पाहीपर्यंत हलत नसत. साहेब फोनवर असले तर फोन संपेपर्यंत उभ्या. पुढं साहेबांनी टेबल फिरवून दाराकडे पाठ केली. बाई आत येऊन टेबलाला वळसा घालून समोर उभ्या राहिल्या. "नमस्कार साहेब." साहेबांनी महिन्याभरात टेबल पुन्हा होतं तसं केलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला, की मी कँटीनमध्ये दोन चहा प्यालो. असले आनंद फुकटात मिळतात, म्हणून माझ्यासारख्यांना परवडतात.

वर्षातून एकदा त्या वलगावला जात. गावंड्यांच्या मातीचा तो खरा अहवाल पर्समध्ये घेऊन. गावंडे फाटक उघडत नसत. "बाई, एकडाव बाग जयली, तेवढं पुरे," असं आतून म्हणत. बाई फाटकाशी थोडा वेळ उभ्या राहत आणि पुढच्या बसनं परत येत.

साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी अमरावतीला, वलगाव रोडकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, बंगला बांधला. पुढं गुलाबांची बाग केली. सव्वाशे झाडं, प्रत्येकाला नावाची पाटी. हिवाळ्यातल्या फुलांच्या प्रदर्शनात पहिला नंबर ठरलेला, पेपरात फोटो. लोक त्यांना गुलाबवाले साहेब म्हणू लागले. माझा मुलगा त्याच भागात राहतो, म्हणून मीही तिथंच आलो. दोन वर्षांनी ढोलेबाई निवृत्त झाल्या. अंजनगावला भावाचा मळा होता, माहेरचं घर होतं. तिथं न जाता त्यांनी साहेबांच्या बंगल्याच्या अगदी समोर वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढं गॅलरी. गॅलरीतून पूर्ण बाग दिसते.

मी सामान चढवायला गेलो होतो. न राहवून विचारलं, "बाई, इथंच काहून घर घेतलं?"

"बाग पाहाले," त्या म्हणाल्या. "साहेबाले खत टाकाची लय हौस हाय, बाबूजी. हौसी मानूस थांबत नसते. मले घाई नाई."

मला त्या बाबूजी म्हणत. आमच्या ऑफिसात कारकुनाला तसंच म्हणायची रीत होती. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मी कधी विचारलं नाही.

लेआउटमध्ये बाईंनी दुकान मांडावं तसं काम मांडलं, फक्त पैसे घेत नसत. मातीचा आंबटपणा, म्हणजे सामू, पाहायच्या पट्ट्या, स्फुरद तपासायचं सामान, क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र, चुनखडी पाहायला आम्लाची बाटली, सगळं स्वतःच्या पेन्शनमधून आणलेलं. मोगरा फुलत नाही, कढीपत्ता वाढत नाही, लिंबू गळतं, असे लोक येत. बाई त्यांना आधी माती कशी काढायची ते शिकवत. झाडाच्या बुडाशी नाही, शेणाच्या ढिगाजवळ नाही, आठ-दहा ठिकाणाहून वीतभर खोल, सावलीत वाळवून, स्वच्छ कापडाच्या पिशवीत. मग तपासून हातानं चिठ्ठी लिहून देत. खाली पूर्ण नाव आणि सही. चिठ्ठीची नक्कल कार्बन लावून स्वतःजवळ ठेवत. दहातल्या सात चिठ्ठ्यांवर शेवटी एकच ओळ असे: खत देऊ नये. लोक आधी हिरमुसत आणि वर्षभरानं मोगरा घेऊन येत. साहेबांच्या समोरच्या रस्त्यावर सगळ्यांच्या बागा सुधारत गेल्या, आणि प्रत्येक घरात ढोलेबाईंच्या सहीची चिठ्ठी होती. साहेब ते पाहत होते. त्यांनी ते पाहावं म्हणूनच तर बाई तिथं आल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी साहेबांचे गुलाब पिवळे पडायला लागले. शिरा हिरव्या, पान पिवळं. साहेबांना वाटलं, भूक लागली. त्यांनी खत टाकलं. पानं जास्त पिवळी झाली. त्यांनी आणखी टाकलं. बोअरचं खारं पाणी चालूच होतं. दिवाळीच्या सुमाराला एक दिवस ते माझ्याकडे आले, हातात कापडी पिशवी.

"वानखडे, एक काम करा. ही माती त्या बाईकडून तपासून आणा. तुमची म्हणून सांगा. माझं नाव काढू नका."

मी "हो" म्हणालो. साहेबांना नाही म्हणायची सवय मला नोकरीत लागली नाही, निवृत्तीनंतर कुठून लागणार.

बाईंनी चप्पल काढली आणि पिशवी गॅलरीत कागदावर उपडी केली. बोटांनी माती पसरली. त्यातून करड्या खताचे तीन-चार दाणे उचलून तळहातावर घेतले. मग एक गुलाबाचा काटा निघाला. तोही दाण्यांशेजारी ठेवला.

"तुमच्या घरी गुलाब हाय का, बाबूजी?"

"आहेत ना. दोन कुंड्या," मी म्हणालो.

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुढं काही विचारलं नाही.

दोन दिवसांनी बोलावलं. चिठ्ठी तयार होती. अक्षर नेहमीपेक्षा सुबक. नमुना कोणाचा, या पुढं लिहिलं होतं: पिंजरकर साहेब. आणणारा: वानखडे. माझे कान तापले. बाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. क्षार जास्त. चुनखडी जास्त. स्फुरद भरपूर. पिवळेपणा भुकेचा नाही, चुन्यामुळे लोह मिळत नाही त्याचा आहे. बोअरचे पाणी बंद करावे, नळाचे द्यावे. दोन वर्षे कोणतेही खत देऊ नये. एक दाणाही नको. तपासणारी, कुसुम नारायण ढोले.

"एक अक्षर खोटं नाई यात," बाई म्हणाल्या. "पाहिजे तर दुसरीकडून तपासून घ्या. अन् साहेबाले एक सांगा, हे ढोलेबाईनं तपासलं, अन् ढोलेबाईले माहीत होतं का माती कोनाची होय."

"बाई, तुम्हाला माहीत होतं असं कळलं तर ते यावर विश्वास ठेवणार नाहीत."

"ठाऊक हाय," बाई म्हणाल्या आणि दाणे कचऱ्यात टाकले.

जिना उतरता उतरता माझ्या डोक्यात उजेड पडला. खोटं लिहून बदला घ्यायला कुणीही घेईल. बाई खरं लिहून घेणार होत्या. जो माणूस आयुष्यभर खोटे आकडे लिहीत आला, त्याला दुसरा खरं लिहील हे पटूच शकत नाही, यावर त्यांचा सगळा डाव होता. मी मध्येच थांबून साहेबांना म्हणू शकत होतो, की साहेब, ऐका, चिठ्ठी खरी आहे. मी म्हणालो नाही. गप्प बसण्यात मी आयुष्य घालवलं, पण गप्प बसायची मजा मला त्या दिवशी पहिल्यांदा आली.

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि ते हसत सुटले. "पाहिलं का, वानखडे? माझ्यावर दात धरून आहे ती. प्रदर्शन दीड महिन्यावर आलं, आणि ही म्हणते उपाशी ठेवा. म्हणजे काय पाहिजे तिला? पहिला नंबर जायला पाहिजे. ती 'नको' म्हणते ना, म्हणजे नक्की हवं." त्यांनी त्याच आठवड्यात छाटणी केली आणि झाडाझाडाला दुप्पट खत दिलं. मी फाटकाशी उभा राहून पाहिलं. वर गॅलरीत बाई तांदूळ निवडत होत्या.

तीन आठवड्यांत पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी खालची, मग वरची. कळ्या काळ्या पडून वाळल्या. प्रदर्शनाच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर एकही फूल नव्हतं. बाई प्रदर्शनाला गेल्या होत्या. ते रिकामं टेबल त्यांनी बराच वेळ पाहिलं, असं मला माझ्या सुनेनं सांगितलं.

यानंतर साहेबांनी जे केलं, त्याची बाईंना खात्रीच असावी. ते लेआउटमध्ये घरोघर सांगत सुटले, की ढोलेबाईंच्या चिठ्ठीनं माझी बाग गेली. अकोल्यातही तिनं असंच केलं होतं, वलगावच्या एका माणसाची बाग जाळली होती. लोक थोडे बिचकले. दोन-तीन घरांनी चिठ्ठ्या परत आणून दिल्या.

बाईंनी वलगावला फोन केला. गावंडे आता म्हातारे झाले होते, बाईंचा फोन ते उचलत नसत. त्या दिवशी उचलला. बाई म्हणाल्या, "गावंडे भाऊ, माह्या नावानं आजूक एक बाग जयली म्हनतात. तुमी येऊन पाहून जा." गावंडे रविवारी सकाळी मुलाच्या गाडीवर आले. मला वाटतं, ते बाईंची फजिती पाहायला आले होते.

बाईंनी त्यांना सरळ साहेबांच्या फाटकात नेलं. शेजारीपाजारी जमले होते. मीही होतो, मागच्या बाजूला. बाईंनी कुंपणावरून एक पान तोडलं आणि गावंड्यांच्या हातात दिलं.

"हे वयखता का, भाऊ?"

गावंड्यांनी चष्मा वर करून पान पाहिलं. कडेनं करपलेलं, मधे पिवळं. मग म्हणाले, "माह्या संत्र्याचं असंच झालं होतं."

साहेब आतून बनियनवर बाहेर आले. "विचारा तिलाच! तिनंच तपासली होती माझी माती!"

बाईंनी पर्समधून कार्बनची नक्कल काढून गावंड्यांना दिली. गावंडे अक्षर लावून वाचत गेले. शेवटी आले आणि तीच ओळ दोनदा वाचली. खत देऊ नये. एक दाणाही नको.

"मंग तुमी टाकलं काहून, साहेब?" गावंड्यांनी विचारलं.

"कारण तिनं नको लिहिलं म्हणून!" साहेब तडकले. "तिला माहीत होतं मी उलट करणार! मुद्दाम लिहिलं तिनं ते!"

"हो," बाई म्हणाल्या. "माहीत होतं. पन लिहिलं खरं. साहेब, तुमाले खरं लिहून देल्लं तरी तुमी खत टाकलं, अन् तुमची बाग जयली. मंग गावंडे भाऊले 'खत टाका' असं खोटं कोनी लिहलं होतं, ते आता त्यायले कयू द्या."

त्या बनियनमध्ये साहेब फार लहान दिसत होते, आणि मला त्यांची जराही कीव आली नाही. तेव्हा मी पुढं आलो. म्हणालो, "गावंडे काका, तो अहवाल मी टाइप केला होता. माती तपासलीच नव्हती. बाई तेव्हा हिवरखेडला होत्या. आकडे साहेबांनी सांगितले आणि बाईंचं नाव मी टाकलं." माझा आवाज चांगला खणखणीत निघाला. मला वाटलं, झालं, आता मी सुटलो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या गावंड्यांकडे पाहत होत्या. गावंड्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "माह्या बगिच्याची माती तपासून द्या. या सालात."

बाईंनी मान हलवली. डोळ्याला पदर लावला की घाम पुसला, ते मला दिसलं नाही.

महिन्याभरात त्यांनी खोल्या सोडल्या. साहेबांच्या बंगल्यापुढं तेव्हा वाळलेल्या काड्या होत्या आणि पाट्या होत्या. गॅलरीतून पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. टेम्पोत सामान चढलं. बाटल्यांचं खोकं बाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या. अंजनगावला भावाच्या मळ्यावर राहीन म्हणाल्या. मी दाराशी उभा होतो. इतक्या वर्षांचं एकदा विचारून घ्यावं म्हणून मी म्हणालो, "बाई, साहेबांचं झालं. माझ्यावर तुमचा राग नाही ना आता?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. चौकशीच्या दिवसानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"नाई, बाबूजी. तुमच्यावर राग धरला नाई मी कदीच," त्या म्हणाल्या. "राग धराले समोर मानूस लागते."

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, एखाद्याला त्याच्या मातीत काय आहे आणि काय नाही ते सांगावं तसं. मग ड्रायव्हरकडे वळून अंजनगावचा रस्ता सांगायला लागल्या, आणि टेम्पो निघाला.